लडलो : आधी गाव, मग घर

श्रूजबरीहून निघालेली गाडी अर्ध्या तासात लडलोला पोचते. छोटं स्टेशन, दोन फलाट, बाहेर टॅक्सी असलीच तर एखादी. गाव टेकडीवर आहे, म्हणून बॅग ओढत चढ चढावा लागतो. सेंट लॉरेन्स चर्चचा १३५ फुटी मनोरा मात्र लांबूनच दिसतो आणि सरळ त्याच्याकडे चालत गेलं की माणूस चुकत नाही. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीजवळ, श्रॉपशर परगण्यात वसलेलं हे गाव. वस्ती सुमारे दहा हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाची कोणी दखल घेत नाही. इथे मात्र जवळपास ५०० इमारती सरकारी वारसा यादीत आहेत, अकराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहू लागलेला किल्ला आहे आणि १९९५ पासून दर सप्टेंबरात भरणारा खाद्यमहोत्सव आहे. एके काळी मिशेलिनचा तारा मिळवलेली अनेक उपाहारगृहं या एवढ्याशा गावात होती.

माझी भाची हेरिफर्डला नोकरी करते. तेही गाडीने इथून अर्ध्या तासावर, पण उलट दिशेला. जावईबापू घरीच लॅपटॉप उघडून बसतात. भाड्याच्या घरांना कंटाळून दोघांनी स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं आणि एका रविवारी फिरायला येऊन लडलोच्या प्रेमात पडले. जून महिना, ऊन पडलेलं, चौकात भाजी-चीज-फुलांचे स्टॉल. अशा दिवशी कोणीही प्रेमात पडेल. मी पुण्याहून गेले ती भाचीकडे राहायला. पण राहण्यातला बराच वेळ घरं बघण्यात, एजंटांशी बोलण्यात आणि त्याहून जास्त गावात हिंडण्यात गेला. घरापेक्षा गाव बघणं जास्त कामाचं, हे माझं मत तिथेच पक्कं झालं. इंग्लंडच्या या जुन्या बाजारगावांत घरावर तुमच्याआधी पुष्कळांचे हक्क बसलेले असतात. रस्त्याचे असतात, नदीचे असतात, शेजाऱ्याचे असतात, चर्चचेसुद्धा असतात. ते कळले तरच घराची किंमत कळते.

बाजारापासूनच सुरुवात करू. इंग्लंडमध्ये बाजार भरवणं हा मध्ययुगात हक्काचा मामला होता. राजाची सनद मिळाल्याशिवाय बाजार भरवता येत नसे, आणि जुन्या बाजारापासून साधारण पावणेसात मैलांच्या आत कोणी नवा बाजार काढला तर तो उपद्रव मानला जाई. हा हिशोब तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावर आहे. दिवसाची चाल वीस मैल धरायची. त्यातला एक तृतीयांश दिवस जायला, एक तृतीयांश खरेदी-विक्रीला आणि उरलेला परतायला. विसाला तिनाने भागलं की सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैल. इंग्लंडचा नकाशा पाहिला तर बाजारगावं एकमेकांपासून साधारण चालण्याच्या अंतरांवर पेरल्यासारखी दिसतात, ती अशा हिशोबांमुळे.

लडलोचा बाजार आजही सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी किल्ल्यासमोरच्या कॅसल स्क्वेअरमध्ये भरतो. तिथे पूर्वी व्हिक्टोरियन काळातलं, लाल विटांचं मार्केट होतं. ते १९८६ साली पाडलं आणि बाजार पुन्हा उघड्यावर आला. गावाच्या दृष्टीने उत्तमच झालं. चौकावर खिडक्या उघडणाऱ्या घराच्या दृष्टीने मात्र हे वेगळं प्रकरण आहे. दुकानावरचा एक फ्लॅट आम्हाला दाखवला गेला तेव्हा एजंट किल्ल्याकडे बोट दाखवत होता आणि मी खाली बघत होते. स्टॉलवाल्यांच्या गाड्या किती वाजता येतात, हे मी विचारलं. ‘लवकर,’ एवढंच उत्तर मिळालं. एजंट विकणाऱ्याने नेमलेला आणि विकणाऱ्याकडून पैसे घेणारा माणूस. विचारलेल्या प्रश्नाला तो खोटं उत्तर देणार नाही, पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो आपण होऊन देईलच असं नाही. म्हणून घर एकदा बाजाराच्या दिवशी सकाळी पाहावं, एकदा बिनबाजाराच्या दिवशी आणि एकदा शनिवारी रात्री पब बंद होताना. मेच्या सुरुवातीला जत्रा येते, पाळणे आणि चक्रं थेट गावाच्या मध्यात उभी राहतात. सप्टेंबरात खाद्यमहोत्सव, नाताळाआधी मध्ययुगीन थाटाची जत्रा. चर्चच्या घंटा दिवसातून ठरावीक वेळी धून वाजवतात. पाहुणा म्हणून मला ती फार आवडली. रात्रपाळी करून झोपणाऱ्या माणसाला किती आवडेल, सांगता येत नाही.

गाडी लावायचं दुखणं याच्याच पोटातलं. बाराव्या शतकात गाव आखलं तेव्हा रस्त्याला तोंड करून अरुंद आणि मागे लांबच लांब अशा पट्ट्या पाडल्या गेल्या. त्यांना बर्गेज म्हणत. दुकान पुढे, राहणं वर, मागे परस. आठशे वर्षांत घरं बदलली, पट्ट्या बऱ्याचशा तशाच राहिल्या. त्यामुळे गावठाणातल्या बहुतेक घरांना गॅरेज नाही. नगरव्यवस्थेकडून रहिवाशांना पार्किंगचा परवाना मिळतो, तो दर वर्षी पैसे भरून घ्यायचा. परवाना म्हणजे त्या भागात गाडी लावायची मुभा, जागेची हमी नव्हे. एका घरी दोन गाड्या असतील तर दुसऱ्या गाडीचं काय, हे करार व्हायच्या आधी विचारून ठेवावं.

कॅसल स्क्वेअरमधून बटरक्रॉसच्या दगडी इमारतीखालून गेलं की ब्रॉड स्ट्रीट उतरत जातो. इंग्लंडमधल्या सुंदर रस्त्यांत याचं नाव घेतात आणि ते खोटं नाही. दुतर्फा जॉर्जियन काळातली विटांची घरं, पांढऱ्या चौकटींच्या उंच खिडक्या, दारावर पितळी ठोकणी. खाली ब्रॉडगेट, म्हणजे गावाच्या तटबंदीच्या सात वेशींपैकी शिल्लक राहिलेली मोठी वेस. वेशीच्या डोक्यावर चक्क राहतं घर आहे. पण या रस्त्यावरच्या कितीतरी घरांचा विटांचा चेहरा नंतरचा आहे. अठराव्या शतकात पैसा आला, फॅशन बदलली, तेव्हा जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांना पुढून विटांची भिंत चढवली गेली. मागच्या अंगाला गेलं की लाकूड दिसतं, उतरती छपरं दिसतात, कुठेही काटकोन नसलेल्या खोल्या दिसतात. घर विकत घेताना हे माहीत असावं लागतं. पुढची भिंत आणि मागचा सांगाडा वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात, वेगवेगळ्या तऱ्हेने पाणी पितात.

म्हणून तपासणी. इंग्लंडमध्ये कर्ज देणारी बँक घराचं मूल्यांकन करून घेते, पण ते बँकेसाठी, आपल्यासाठी नाही. आपण स्वतः सर्व्हेअर नेमायचा. आरआयसीएस या संस्थेने तपासणीच्या तीन पातळ्या ठरवल्या आहेत. जुन्या घराला तिसरी, सगळ्यात सखोल पातळीच घ्यावी. ती महाग पडते. पण तिथे वाचवलेला पैसा पुढे छपरातून गळतो. सर्व्हेअरही असा निवडावा, ज्याने लाकडी सांगाड्याची आणि चुन्यात बांधलेली घरं पाहिली आहेत.

चुना हा यातला कळीचा विषय. या घरांच्या भिंती चुन्याच्या मसाल्यात बांधलेल्या असतात. चुना ओल घेतो आणि सोडतो, भिंत वाळत राहते. विसाव्या शतकात पुष्कळ ठिकाणी लोकांनी वरून सिमेंटचा गिलावा फासला आणि ओल आत कोंडली. मग भिंतीत औषध टोचणारे कंत्राटदार आले. ओल दिसली की उगीच घाबरू नये आणि लगेच औषधही टोचून घेऊ नये. आधी पन्हळ फुटलेली आहे का, बाहेरच्या जमिनीची पातळी आतल्या फरशीपेक्षा वर आहे का, हे पाहावं. यात आपलीही भर असते, हे इथे सांगायलाच हवं. रोजचा कुकर, वाफाळणारा भात, फोडण्या, हिवाळ्यात आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या! त्या सगळ्या वाफेला बाहेर जायला वाट नसेल तर कपाटामागे काळी बुरशी ठरलेली. स्वयंपाकघर बघताना टाइल्सपेक्षा वाफ बाहेर फेकणारा पंखा बघा. आणि तो खरोखर बाहेर फेकतो की तीच हवा फिरवून परत आत सोडतो, तेही बघा.

असा पंखा नसेल तर भिंतीला भोक पाडून बसवू, असं जावईबापू म्हणाले. इथे लिस्टेड म्हणजे काय हे समजून घ्यावं लागतं. वारसा यादीत तीन श्रेणी आहेत : एक, दोन-तारांकित आणि दोन. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती शेवटच्या श्रेणीत येतात. घर यादीत असलं की त्याच्या स्वरूपावर परिणाम करणारं कोणतंही काम, आतलं असो की बाहेरचं, लेखी संमतीशिवाय करता येत नाही. ‘फक्त दर्शनी भाग जपायचा’ हा सर्रास गैरसमज आहे. जिना, दारं, जुनी गिलावा-छतं, शेकोटीची चौकट, सगळं त्यात येतं. खिडक्यांना दुहेरी काच बसवायची परवानगी बरेचदा नाकारली जाते, मग आतून दुसरी पारदर्शक झडप बसवून थंडी अडवावी लागते. संमतीविना काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. शिवाय कोणी तीस वर्षांपूर्वी परवानगी न घेता भिंत काढली असेल, तर गुन्हेगार तुम्ही नव्हे, पण ती पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला, येऊ शकते. त्याला काळाची मर्यादा नाही. म्हणून आधीच्या मालकाने केलेल्या प्रत्येक बदलाचा कागद मागायचा. घर यादीत नसलं तरी जुना भाग बहुधा संवर्धन क्षेत्रात असतोच. तिथे परसातलं मोठं झाड तोडायलादेखील सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

या पट्ट्यांच्या रचनेतून आणखी एक गंमत निघते. दोन घरांमधून मागच्या अंगाला जाणारा बोळ, आणि बोळाच्या डोक्यावर एका घराची खोली. खाली जमीन शेजाऱ्याची, वर खोली तुमची. कायद्यात त्याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात, तरंगता मालकी हक्क म्हणा. खोली टिकायची तर खालचा आधार शेजाऱ्याने टिकवला पाहिजे, आणि तो त्याने टिकवलाच पाहिजे असं बांधून घेतलेलं नसेल तर पंचाईत. काही बँका अशा घरांवर कर्ज देताना आखडता हात घेतात. ब्रॉड स्ट्रीटजवळच्या एका घरात आम्हाला अशी खोली दिसली. भाचीला ती वाचनाची खोली म्हणून फार आवडली. ‘मावशी, पायाखालून माणसं जाताहेत आणि आपण वर पुस्तक वाचतोय,’ ती म्हणाली. मला खालून जाणाऱ्या माणसांची नव्हे, खालच्या तुळयांची काळजी वाटली. बोळातून कचऱ्याचे डबे नेण्याचा शेजाऱ्याचा हक्क, समाईक भिंतीला हात लावण्याआधी १९९६ च्या कायद्याप्रमाणे द्यायची नोटीस, हे त्याच जातीचे विषय.

हे कुठे कळतं? तर जमीन नोंदणी खात्याकडे. आपल्या सातबाऱ्यासारखा इथे प्रत्येक नोंदलेल्या मिळकतीचा उतारा आणि नकाशा कोणालाही ऑनलाइन, काही पौंड भरून मिळतो. मालक कोण, बोजा कोणाचा, वहिवाटीचे हक्क कोणाचे, पूर्वी घातलेली बंधनं कोणती, सगळं त्यात असतं. दोघांनी घर बघायला जाण्याआधी उतारा काढून वाचायचा शिरस्ता ठेवला, हे मला बरं वाटलं.

चर्चमागे गेलं की तटबंदीचा एक भाग ढासळलेला दिसतो. २०१३ साली तो कोसळला आणि दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं चघळला गेला. परसाची मागची भिंत म्हणजे गावाचा तट असणारी घरं लडलोत आहेत. जाहिरातीत ते भूषण म्हणून छापतात. भिंत कोणाच्या नावावर आहे, हे ओळ न ओळ वाचून घ्यायला हवं. चर्चचंही एक जुनं येणं असू शकतं. इंग्लंडमध्ये काही जमिनींवर तिथल्या पॅरिश चर्चच्या गाभाऱ्याच्या दुरुस्तीची जबाबदारी मध्ययुगापासून चालत आलेली आहे. हे ऐकायला दंतकथा वाटते. पण वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅंटलो या खेड्यातल्या एका दांपत्याकडे चर्चने जवळपास एक लाख पौंड मागितले आणि २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने चर्चच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २०१३ नंतर नवीन खरेदीदारावर ही जबाबदारी येण्यासाठी ती साधारणपणे नोंदलेली असावी लागते, त्यामुळे धोका आता पुष्कळ कमी झाला आहे. तरीही सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, विचारावं. या जबाबदारीचा विमा काढता येतो आणि त्याचा हप्ता क्षुल्लक असतो.

किल्ला बघितल्याशिवाय लडलो सोडवत नाही. इथेच सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर १५०२ साली वारला आणि म्हणून धाकटा हेन्री पुढे गादीवर आला. मिल्टनचं ‘कोमस’ १६३४ मध्ये पहिल्यांदा इथेच रंगलं. आपल्या दृष्टीने आणखी एक धागा आहे. किल्ला १८११ पासून अर्ल ऑफ पोविस यांच्या घराण्याकडे आहे, आणि तो विकत घेणारा अर्ल म्हणजे प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा मद्रासचा गव्हर्नर तोच होता. टिपूचा तंबू आजही हद्दीपलीकडच्या पोविस किल्ल्यात ठेवलेला आहे. लडलोच्या पडक्या भिंतींवर चढताना हे आठवलं आणि तिकिटाचे पैसे थोडे टोचले.

किल्ल्याखालून टीम नदी वळते. डिनहॅम पुलावर उभं राहिलं की पाणी इतकं शांत आणि उथळ दिसतं, की नदीकाठचं घर कोणालाही हवंसं वाटावं. पण टीमला इथेच कॉर्व्ह मिळते, आणि जून २००७ च्या पुरात कॉर्व्हवरचा बरवे पूल वाहून गेला, सोबत गॅसची वाहिनी तुटली, माणसांना घरं सोडावी लागली. पूर हा फक्त नदीकाठचा प्रश्न नाही. उतारावरच्या रस्त्यांवरून येणारं पावसाचं पाणीही घरात शिरतं. पोस्टकोड घालून पुराचा धोका सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्यात नदी आणि पावसाचं पाणी असे दोन्ही धोके वेगळे दाखवलेले असतात. पूरग्रस्त घरांचा विमा परवडावा म्हणून २०१६ पासून ‘फ्लड री’ नावाची योजना चालते, तीही २०३९ पर्यंतच. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं तिच्यात येत नाहीत. म्हणजे काठावरचं नवं घर जुन्या घरापेक्षा विम्याच्या बाबतीत अवघड ठरू शकतं. विम्याचं कोटेशन ऑफर देण्याआधी घ्यावं, नंतर नाही.

आता पैशाचं. इंग्लंडमधली घरखरेदी आपल्याला चमत्कारिक वाटते, कारण तोंडी किंवा लेखी ऑफर स्वीकारली गेली तरी कोणीच बांधलेलं नसतं. सॉलिसिटर चौकशा करतात, नगरव्यवस्थेचे, सांडपाण्याचे, पर्यावरणाचे दाखले मागवतात आणि यात तीन-चार महिने सहज जातात. तेवढ्यात विकणाऱ्याला जास्त पैसे देणारा भेटला तर तो तुम्हाला खुशाल सोडू शकतो. दोन्ही बाजूंनी करारांची अदलाबदल होते आणि साधारण दहा टक्के रक्कम भरली जाते, तेव्हा कुठे व्यवहार पक्का होतो. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी, ती इथे लावू नये.) त्यातच साखळी असते. तुम्ही ज्यांचं घर घेता त्यांना दुसरं घर घ्यायचं असतं, त्यांना तिसरं, आणि कुठेही एक कडी तुटली की सगळे लटकतात. लडलोसारख्या गावात घर विकणाऱ्यांत वयस्कर माणसं बरीच. ती लहान घराच्या शोधात असतात आणि त्यांना घाई नसते.

यापुढचा भाग मराठी वाचकांनी जरा थांबून वाचावा. खरेदीवर स्टँप ड्यूटी भरावी लागते. एप्रिल २०२५ पासून १,२५,००० पौंडांपर्यंत काही नाही, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत २ टक्के आणि त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. तीन लाखांच्या घरावर हे ५,००० पौंड होतात. पहिलंच घर घेणाऱ्याला तीन लाखांपर्यंत पूर्ण माफी आहे, त्यामुळे जावईबापूंनी कागदावर शून्य मांडलं होतं. पण लग्नाआधी त्यांनी पुण्यात एक फ्लॅट घेऊन भाड्याने दिलेला आहे. पहिलं घर याचा अर्थ जगात कुठेही पहिलं. वारसाने मिळालेलं घरही त्यात धरतात आणि दोघांपैकी एकाच्या नावावर असलं तरी माफी जाते. एवढ्यावर थांबत नाही. दुसरं घर घेणाऱ्यावर ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर आहे आणि दुसरं घर ठरवतानाही भारतातली मिळकत मोजतात. त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असली की झालं. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर एकाचं घर दुसऱ्याच्याही खात्यात. म्हणजे तीन लाखांच्या घरावर शून्याऐवजी २०,००० पौंड! वारसाने आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा पहिली तीन वर्षं या जादा करासाठी धरत नाहीत, एवढीच सवलत. आजोबांच्या वाड्यातला सहावा हिस्सा कागदावर कोणाच्या नावे आहे, हे इंग्लंडात घर घेण्याआधी तपासण्याची वेळ येते ती अशी.

भारतातून पैसे आणायचे असतील तर इकडच्या आई-वडिलांना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. तिकडे सॉलिसिटर त्या पैशाचा उगम विचारतो, बँक स्टेटमेंटं मागतो, आई-वडिलांकडून ‘ही भेट आहे, घरावर आमचा हक्क नाही’ असं पत्र घेतो. अपमान वाटून घेऊ नये. मनी लाँडरिंगच्या कायद्याने त्याला ते करावंच लागतं.

गावठाणाचा हा सगळा व्याप नको असेल तर बाहेर नव्या वसाहती आहेत. लडलोला वळसा घालून जाणाऱ्या ए ४९ रस्त्याच्या बाजूने त्या पसरत आहेत. दोन गाड्यांची जागा, सरळ भिंती, कमी वीजबिल. मात्र पुष्कळ नव्या वसाहतींतले रस्ते आणि हिरवळी नगरव्यवस्था ताब्यात घेत नाही. त्यांची देखभाल खासगी कंपनी करते आणि घर पूर्ण मालकीचं असूनही दर वर्षी शुल्क घेते. ते किती वाढू शकतं, हे करारात बघावं. फ्लॅट घ्यायचा तर तो बहुधा भाडेपट्ट्याचा. पट्ट्याची शिल्लक वर्षं ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं महागतं आणि विकणंही कठीण होतं. सगळ्याच घरांना कौन्सिल टॅक्स लागतो आणि त्याची श्रेणी घराची १ एप्रिल १९९१ रोजी काय किंमत झाली असती, त्यावरून ठरलेली असते. नव्या घराचीसुद्धा! इंग्रजांना यात काही विचित्र वाटत नाही.

राहणं कसं होईल, याचं उत्तर घरात मिळत नाही. लंडनला थेट गाडी नाही, क्रू किंवा न्यूपोर्टला बदलावी लागते. गावात छोटं सामुदायिक रुग्णालय आहे, पण छातीत कळ आली तर हेरिफर्ड, श्रूजबरी किंवा टेलफर्ड. एनएचएसचा दातांचा डॉक्टर नवे रुग्ण घेतो का, हा प्रश्न घर घेण्याआधी फोन करून विचारायच्या यादीत वर ठेवावा. प्राथमिक शाळेच्या प्रवेशासाठी अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी, माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर. तोवर पत्ता कोणता, यावर बरंच अवलंबून असतं. दुकानं पाच-साडेपाचला बंद होतात आणि १९९४ च्या कायद्यामुळे मोठी सुपरमार्केटं रविवारी सहाच तास उघडी असतात. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. मग चौक रिकामा होतो आणि संध्याकाळी राहतात ते पब.

कोथिंबीर सुपरमार्केटात मिळते, चार काड्यांच्या पाकिटात. ज्वारीचं पीठ, गोडा मसाल्याचं सामान, ताजी मेथी यांच्यासाठी बर्मिंगहॅम गाठावं लागतं, गाडीने तासाभराहून जास्त. मराठी शेजार इथे गृहीत धरू नये. गावात निवृत्तांची संख्या मोठी आणि गावगाडा बऱ्याच अंशी त्यांच्या स्वयंसेवेवर चालतो : धर्मादाय दुकानं, चर्चमधली फुलं, महोत्सवाची व्यवस्था. बाजारातल्या चीजवाल्या बाई भाचीला आता नावाने हाक मारतात. त्यांनीच सांगितलं की वरच्या गल्लीतल्या फलाण्या घराचं छप्पर दोनदा बदललंय आणि तरी गळतं. हे कुठल्याही उताऱ्यात सापडलं नसतं.

शेवटी दोघांनी स्टेशनच्या वरच्या अंगाला, ग्रॅव्हल हिलवरच्या एका व्हिक्टोरियन घराला ऑफर दिली आहे. वारसा यादीत नाही, नदीपासून उंचावर, भिंती विटांच्या पण चुन्यातल्या. पार्किंग रस्त्यावर. तिसऱ्या पातळीचा सर्व्हे व्हायचा आहे. विकणाऱ्या आजीबाईंना मुलीजवळ बंगला मिळायचा आहे, म्हणजे साखळी निदान तीन कड्यांची. दरम्यान सॉलिसिटरने पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं मागवली आहेत. इंडेक्स टू मराठीत आहे आणि त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं आहे, तेव्हा येत्या सोमवारी मला नोटरीकडे जायचं आहे.